वाटीभर शेवया म्हणजे किती?

काशीहून येणारा मराठी माणूस गंगेचा गडू आणतो, ऐपत असेल तर शालू आणतो. भदऊ चुंगीला मात्र सहसा फिरकत नाही. राजघाटाजवळचा हा भाग शेवयांसाठी नावाजलेला आहे. रमजान जवळ आला की इथल्या केसासारख्या बारीक किमामी, म्हणजे पाकात घालायच्या, शेवया उत्तर प्रदेशाबाहेरही जातात. ईदच्या या शेवया करणारी बरीच घरे हिंदू आहेत, हे मुद्दाम सांगण्यासारखे.

या बाजारात सगळा व्यवहार तराजूवर. पाव किलो, अर्धा किलो. ‘वाटीभर द्या’ म्हणालात तर दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघेल, आणि त्याचे बरोबरच आहे. शेवयांचा लच्छा वाटीत मावतच नाही. चुरून भरला तर जितका बारीक चुरा, तितकी वाटी जड. वाटीत बरीचशी हवाच असते.

आपल्याकडची रीत वेगळी. आपण मापाची माणसे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. त्यातही शीग लावायची की सपाट, यावर भांडणे व्हायची, आणि गाव बदलले की मापही बदलायचे. काशीचा शेर मात्र वजनाचा: ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. म्हणजे काशीच्या ब्रह्माघाट-दुर्गाघाटावर संसार थाटणाऱ्या मराठी गृहिणीचा शेर मापाचा आणि कोपऱ्यावरच्या बनियाचा वजनाचा! 1956 च्या कायद्याने दशमान पद्धत आली, 1962 पासून किलो सक्तीचा झाला आणि शेर मागे पडला. मापाची सवय तेवढी गेली नाही.

पाककृतींच्या जुन्या वहीतला वजनाचा पावशेर 233 ग्रॅमचा आणि आजचा पाव किलो 250 चा. म्हणून पदार्थ बिघडतो का? मुळीच नाही. सगळेच जिन्नस वजनाने घेतले, तर शेर असो की किलो, प्रमाण तेच राहते. गडबड होते ती वजनाचे प्रमाण वाटीने घेतल्यावर. किमामी शेवयांत साखर शेवयांच्या दीडपट-दुप्पट असते, पण वजनाने. 240 मिलीलिटरच्या कपात साखर साधारण 200 ग्रॅम बसते. सैल भरलेल्या शेवया त्याच्या निम्म्यासुद्धा नाहीत. आता ‘एक कप शेवया, दोन कप साखर’ करा, म्हणजे साखर चौपटीच्या वर गेली. पाहुणे गोड खाऊन गप्प बसतात, एवढेच.

वाटीला अगदीच मोडीत काढू नका. लग्नघरातल्या गव्हल्या वाटीने खुशाल मोजाव्यात. बारीक दाणे एकमेकांत नीट बसतात, त्यामुळे दर वाटीला वजन जवळपास सारखेच भरते. रव्याचेही तसेच, कपाला सुमारे 170 ग्रॅम. आता घरोघरी शिरलेली आखूड मॅकरोनी कपात साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम मावते. स्पॅगेटीच्या लांब काड्या मात्र आपल्या शेवयांच्या भावकीतल्या, त्यांना काटाच हवा. इटलीतल्या गृहिणींचा हिशेब सुटसुटीत आहे: शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ.

तेव्हा एक काम करा. किराणा दुकानाच्या काट्यावर आपली रोजची वाटी एकदा न्या. आधी रिकामी, मग चुरलेल्या शेवयांनी भरून, न दाबता, तोला. मग रवा आणि साखर. आलेले आकडे पाककृतींच्या वहीच्या पहिल्याच पानावर टिपून ठेवा. वाटी बदलली तर आकडेही बदलायचे.