बदलीच्या अर्जात नसलेला रकाना

(भाषाशिक्षकांच्या जिल्हा मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण, पांढरकवडा)



आजच्या परिसंवादाचा विषय पत्रिकेवर ठळक अक्षरात छापलाय : ‘भाषाशिक्षकांसाठी नेतृत्व प्रशिक्षण’. मी पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकलं. ‘नेतृत्व’ इतक्या वेळा आलं की मोजणं सोडून दिलं. ‘कोलामी’ एकदाही आलं नाही. आणि आपण बसलोय कुठे? पांढरकवड्यात! इथून तासाभराच्या वाटेवर झरी-जामणी आहे, मारेगाव आहे, कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. तिथलं सहा वर्षांचं लेकरू पहिलीच्या वर्गात येतं तेव्हा गुरुजींचं निम्मं बोलणं त्याच्या डोक्यावरून जातं, आणि त्याचं बोलणं गुरुजींच्या. ह्या वर्गात नेतृत्व कोणी आणि कशाचं करायचं, हे तीन वक्त्यांपैकी एकानंही सांगितलं नाही. म्हणून मी लिहून आणलेलं भाषण खिशात ठेवतो.

कोलामी ही मराठीची बिघडलेली बोली आहे, असं समजणारे शिक्षक मला आजही भेटतात. अहो, ती द्राविड कुळातली भाषा आहे, तेलुगू-गोंडीच्या नात्यातली. एमेनो नावाच्या अमेरिकेतल्या, कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञानं तिचं व्याकरण १९५५ साली छापून काढलं. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून सांगणारे सव्वा लाखाच्या वर लोक आहेत. कॅलिफोर्नियाला जी भाषा सत्तर वर्षांपूर्वी अभ्यासाच्या लायकीची वाटली, ती आपल्या पंचायत समितीच्या प्रशिक्षण हॉलमध्ये आजही पायरीवर उभी आहे. पुसद, दिग्रस, महागावच्या बंजारा तांड्यांवरची गोरमाटी घ्या, राळेगाव-घाटंजीकडची गोंडी घ्या. वऱ्हाडी तर आपल्या सगळ्यांच्या तोंडातली. पण वर्गात पाऊल टाकलं की आपण ती चपलेसारखी बाहेर काढून ठेवतो.

आता प्रशिक्षणाकडे येतो. मी प्रशिक्षणाचा शत्रू नाही. दिल्लीच्या नीपा संस्थेत २०१२ पासून राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची संधी द्यायला सांगितलंय, मुख्याध्यापकांना त्यात नेतृत्वाचंही शिक्षण. कागद वाईट नाही. पण आपल्या राज्यात प्रशिक्षण कशाला जोडलंय? पगाराला. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनी निवडश्रेणी, आणि त्यासाठी प्रमाणपत्र हवं. कुंभमेळाही बाराच वर्षांनी येतो. तिथं निदान एक डुबकी तरी खरी मारावी लागते.

आणि नेतृत्वाच्या सत्रात शिकवतात काय? वेळेचं नियोजन, संघबांधणी, ताणतणाव व्यवस्थापन. सगळं छान. मात्र शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट उघडून बघा. सहावी ते आठवीला किमान तीन शिक्षक : एक विज्ञान-गणिताचा, एक सामाजिक शास्त्रांचा, एक ‘भाषां’चा. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही एका माणसाच्या गळ्यात. पूर्णवेळ मुख्याध्यापक कधी? त्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तेव्हा. प्राथमिकला दीडशेच्या वर. पोडावरच्या, तांड्यावरच्या शाळेत दीडशे मुलं कुठून आणू? म्हणजे आपला भाषेचा शिक्षक आधीच प्रभारी मुख्याध्यापक आहे. शाळेच्या किल्ल्या त्याच्याकडे, पोषण आहाराची नोंद त्याच्याकडे, यू-डायसची माहिती त्याच्याकडे, मतदार यादीचं काम त्याच्याकडे. नेतृत्वाचा भार अख्खा त्याच्याच खांद्यावर. अधिकार तेवढा एकही नाही. पहिलीला सुरुवात कुठल्या भाषेतून करायची, कुठला धडा मागे ठेवायचा, वाचनासाठी कुठली पुस्तकं घ्यायची, यातलं काही तो ठरवू शकतो का? मग त्याला संघबांधणी शिकवून बांधायचं काय?

माझे एक अधिकारी मित्र म्हणतात, ‘मोकळीक दिली तर हे लोक काहीच करणार नाहीत.’ समोर बसलेत, म्हणून तोंडावर बोलतो. साहेब, काही जण खरंच करणार नाहीत. ते आजही करत नाहीत, फक्त फोटो ग्रुपवर वेळेत टाकतात. तुमच्या बंधनानं कामचुकार सुधारला नाही; ज्याला काम करायचं होतं तो मात्र थकला.

एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं भांडण तिच्यात आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून ऑनलाइन होतात. वशिला कमी झाला, चांगलं झालं. अवघड क्षेत्र, सेवाज्येष्ठता, पती-पत्नी एकत्रीकरण, दुर्धर आजार, सगळ्यांना रकाने आहेत आणि असायलाच हवेत. पण तुम्हाला कोलामी येते का, गोरमाटी येते का, हे विचारणारा रकाना नाही. एखादी बाई पोडावर जाते. पहिलं वर्ष हातवाऱ्यांत जातं. मग आया-आज्या तिला शिकवतात, ती वहीत शब्द लिहून ठेवते, तिसऱ्या वर्षी मुलं तिच्याशी भांडायला लागतात, म्हणजे भाषा जुळली. मग बदली. दुसऱ्याच तालुक्यात, जिथं कोलामी बोलणारं एकही पोर नाही. तिच्या जागी येणारा पुन्हा हातवाऱ्यांपासून सुरू करतो. त्या वहीचं काय होतं? बाईंच्या पिशवीतून बाईंसोबत जाते. शासनाच्या दृष्टीनं ती वही कधी नव्हतीच.

शिक्षण हक्क कायदा काय म्हणतो? कलम २९ : शक्य असेल तिथवर शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं. ‘शक्य असेल तिथवर’. जिनं ते शक्य केलं तिलाच आपण उचलून दुसरीकडे टाकतो आणि मग तिला नेतृत्वाच्या कार्यशाळेला बोलावतो!

वर ‘निपुण भारत’ अभियानाचं घड्याळ. तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत, अर्थ समजून वाचावेत, असं उद्दिष्ट आहे. हरकत नाही. पण तपासणीला आलेल्या माणसाच्या मोबाइलवर मिनिट मोजता येतं, अर्थ मोजता येत नाही. म्हणून पोरं धडाधड वाचतात, आणि ‘काय वाचलंस?’ म्हटलं की जमिनीकडे बघतात.

आता आपल्याबद्दल. सरकारला शिव्या दिल्या की टाळ्या पडतात, त्या पडल्या. पण मुलानं ‘मी जाऊन रायलो’ म्हटलं की ‘नीट बोल’ म्हणून दरडावतं कोण? शिक्षण संचालक येत नाहीत त्यासाठी. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावलं आणि निमंत्रण मागे घेतलं. गदारोळ झाला, कित्येक लेखकांनी येणं नाकारलं. शेवटी उद्घाटन केलं ते राजूरच्या वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीनं. कोणी बोलावं आणि कोणी बोलू नये, याचा एवढा मोठा धडा आपल्याच जिल्ह्यात घडला. आपल्यापैकी किती जणांनी तो सोमवारी वर्गात काढला? भाषेच्या शिक्षकाचं नेतृत्व आणखी कशाला म्हणतात?

गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली गोंडी शाळा स्वतःच सुरू केली. खात्यानं ती अनधिकृत ठरवून नोटीस काढली. तिथल्या लोकांना नेतृत्वाचं प्रमाणपत्र कोणी दिलं नव्हतं, आणि नोटीस आल्यावर ते घरीही बसले नाहीत.

म्हणून दुपारच्या ठरावांत ‘नेतृत्व प्रशिक्षणाचे शासनाने आयोजन करावे’ असा जो ठराव आहे, त्याला मी अध्यक्ष म्हणून मंजुरी देणार नाही. त्याऐवजी हा घ्या. बदलीच्या अर्जात मुलांच्या भाषेचा रकाना हवा, आणि ती भाषा शिकलेल्याला त्याची इच्छा असेल तर तिथंच राहू द्यावं. केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेतला भाषेचा वेळ वर्गावर शिकवणाऱ्यांनी चालवावा, वरून आलेल्या पीपीटीनं नाही. पोडावरच्या आज्यांना शाळेत बोलवायचं तर मानधन द्यावं. चहा-बिस्किटावर त्यांची विद्या घेऊ नये. आणि शिक्षकांनी जमवलेल्या त्या शब्दांच्या वह्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेनं गोळा करून त्यांच्याच नावानं छापाव्यात. एवढं करा, मग नेतृत्वाचं प्रशिक्षण खुशाल घ्या. मी स्वतः सतरंजीवर बसून ऐकेन.

सूचक मी. अनुमोदन कोण देतंय? हात वर करा, नाव सांगा, शाळा सांगा. चिटणीस लिहून घेताहेत. आणि ज्यांना वरिष्ठांची भीती वाटते त्यांनी मागच्या दारानं चहाला जायला हरकत नाही, दार उघडंच आहे.