मुके उतारू आणि जुन्या विलायती लॉऱ्या

यात्रा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पालखी, दिंडी आणि पताका उभ्या राहतात. इंग्लंडांत मात्र एक निराळ्याच तऱ्हेची यात्रा निघूं लागली. जुन्या मालमोटारींवर प्रेम करणाऱ्या मंडळींनीं १९५८ सालीं तेथें एक संस्था काढली, आणि १९६२ पासून मे महिन्यांत लंडनहून समुद्रकांठच्या ब्रायटन गांवापर्यंत आपल्या म्हाताऱ्या लॉऱ्या मिरवीत नेण्याचा प्रघात पाडला. लँकेशायरमधील लेलँड गांवीं तर १९८३ पासून अशा गाड्यांचें एक स्वतंत्र संग्रहालयच आहे. ज्या गाड्यांनीं आयुष्यभर कोळसा, बटाटे आणि दुधाच्या बरण्या वाहिल्या, त्यांना नवा रंग देऊन, पितळेला झिलई देऊन, फुलांप्रमाणें जपणारीं माणसें पाहिलीं म्हणजे मनुष्यस्वभावाचें मोठें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

या गाड्यांपैकीं गुरेंमेंढरें वाहून नेणाऱ्या लॉऱ्यांविषयीं आज मला बोलावयाचें आहे. कोळशाला मन नसतें, पोत्याला भूक नसते. जनावराला दोन्ही असतात. म्हणून या लॉऱ्यांचा इतिहास हा केवळ यंत्राचा इतिहास राहत नाहीं. मनुष्यानें मुक्या जिवाशीं कसें वर्तन केलें, याचाही तो इतिहास होतो.

मोटार येण्यापूर्वीं इंग्लंडांतील जनावर स्वतःच्याच पायांनीं बाजारास जात असे. वेल्सच्या डोंगरांतून आणि स्कॉटलंडच्या उंच प्रदेशांतून गुरांचे मोठमोठे कळप हांकीत हेडी लोक आठवडेच्या आठवडे चालत. लांबच्या वाटेनें खूर झिजूं नयेत म्हणून गुरांना नाल मारीत. आणि गुरांचा खूर दुभंगलेला, तेव्हां घोड्याला जेथें चार नाल पुरत तेथें बैलाला आठ लागत. गूस नांवाच्या पाळीव पक्ष्यांचे पाय तर डांबरांतून व वाळूंतून काढून त्यांनाही जोडे घालीत! पुढें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडी आली आणि हे कळप रस्त्यांवरून हळूहळू नाहींसे झाले. लंडन शहराच्या मध्यभागीं असलेला स्मिथफील्डचा जिवंत गुरांचा बाजारही १८५५ सालीं तेथून हलविण्यांत आला.

परंतु आगगाडी कांहीं शेतकऱ्याच्या गोठ्याच्या दाराशीं येत नाहीं. गोठ्यापासून स्टेशनापर्यंत आणि स्टेशनापासून बाजारापर्यंत जनावराला हांकीत न्यावेंच लागे. दोन वेळां चढविणें, दोन वेळां उतरविणें, मध्यें डबे बदलण्याचा खोळंबा. यांत वेळ जाई आणि जनावरही खंगे. ही दोन टोकें जोडण्याचें काम लॉरीनें केलें.

१९१८ सालीं पहिलें महायुद्ध संपलें. सैन्यानें वापरलेल्या हजारों लॉऱ्या विक्रीस निघाल्या, आणि रणभूमीवर मोटार हांकावयास शिकलेल्या अनेक तरुणांनीं त्या विकत घेऊन गांवोगांव धंदा मांडला. १९३१ मध्यें ल्यूटन येथील व्हॉक्सहॉलच्या कारखान्यांतून दोन टनी बेडफर्ड बाहेर पडली. कारखान्याची मालकी अमेरिकन भांडवलाची होती खरी, पण गाडी इंग्रजी मातीला मानवली. किंमत बेताची, बांधणी हलकी, दुरुस्ती सोपी. लहान धंदेवाल्याला आणखी काय हवें? १९३३ च्या कायद्यानें मालवाहतुकीस परवाने आले. दुसऱ्याचा माल भाड्यानें वाहणारा, स्वतःचाच वाहणारा आणि दोन्ही करणारा, असे तीन वर्ग पडले.

या लॉऱ्यांची रचना मोठी युक्तीची होती. पुष्कळ ठिकाणीं जनावरांचा लांकडी पेटारा गाडीवर कायमचा ठोकलेला नसे. तो उचलून बाजूस ठेवतां येई. बाजाराच्या दिवशीं पेटारा चढवावा आणि गुरें न्यावीं. इतर दिवशीं तो उतरवून त्याच सपाट हौद्यावर गवत, खत अथवा कोळसा भरावा. पेटाऱ्याच्या भिंतींना हवेसाठीं फटी असत. मागचा फाळका खालीं पाडला कीं त्याचाच उतार होई. पाय घसरूं नयेत म्हणून त्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असत, आणि जनावर बाजूनें निसटूं नये म्हणून दोहों अंगांस लहान दारें लावीत. मेंढरें व डुकरें न्यावयाचीं असल्यास मध्यें फळ्या घालून माडी करीत. थोडक्यांत, एकच गाडी सोमवारीं गोठा, मंगळवारीं गंज आणि बुधवारीं वखार होत असे.

या गाड्यांच्या नांवांचीही एक मौज आहे. लेलँडच्या कारखान्यानें आपल्या लॉऱ्यांना पशूंचीं नांवें देण्याचा परिपाठ ठेविला होता. बीव्हर, बायसन, बुल, हिप्पो, ऱ्हायनो अशी ती सेना होती. आणि आठ चाकांच्या गाडीला अष्टपाद जलचराचें, म्हणजे ऑक्टोपसचें नांव होतें. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा भाऊबंद. तेव्हां गव्याच्या पाठीवर बसून गाय बाजारास निघाली, असा चमत्कार इंग्लंडच्या रस्त्यांवर सहज घडत असेल! स्कॉटलंडच्या अल्बियन गाडीच्या कपाळावर उगवता सूर्य असे. त्याच कारखान्यानें पुढें एका लॉरीला क्लाइड्सडेल हें नांव दिलें. तें त्या देशांतील ओझें ओढणाऱ्या दणकट घोड्यांच्या एका जातीचेंही नांव आहे. घोड्याचें काम गेलें, पण नांव लोखंडावर राहिलें.

अशी गाडी हांकणें ही सोपी गोष्ट नव्हती. थंडीच्या दिवसांत पहांटे हँडल मारून इंजिन जागें करावयाचें. गिअर बदलतांना क्लच दोनदां दाबून इंजिनाचा सूर ओळखावयाचा, नाहीं तर दांत्यांचा आक्रोश साऱ्या गांवाला ऐकूं जावयाचा. जड लॉऱ्यांना १९५७ पर्यंत ताशीं वीस मैलांहून अधिक वेगानें जाण्याची कायद्यानें मनाई होती. त्यांत ओझें जिवंत! पोतें जेथें ठेवावें तेथें राहतें. गाईबैल मात्र प्रवासांत बहुधा उभे असतात. वळणावर ते एका अंगास कलतात आणि ब्रेक जोरानें दाबला तर गुडघ्यांवर कोसळतात. म्हणून चांगला गुरेवाला ड्रायव्हर वळण येण्यापूर्वींच वेग आंवरीत असे. शिंगांचें जनावर बिनशिंगी जनावरांत घालूं नये, अनोळखी वळू एकत्र ठेवूं नयेत, गर्दी इतकी नसावी कीं श्वास कोंडेल आणि इतकी विरळही नसावी कीं जनावरें आपटतील, हें त्याला कोणी पुस्तकांतून शिकविलें नव्हतें. तो बहुधा शेतावरच वाढलेला असे. त्याच्या हातांत चाक होतें, पण कान मागें पेटाऱ्याकडे असत.

आतां कोणी विचारील कीं, मास्तर, या विलायती गाड्यांशीं तुमचा काय संबंध? संबंध आहे. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास आपल्या एस. टी. ची पहिली गाडी सुटली, ती बेडफर्ड होती. त्या आरंभींच्या काळांत आपल्या रस्त्यांवर बेडफर्डबरोबरच अल्बियन, कॉमर, मॉरिस कमर्शियल आणि लेलँड याही गाड्या धांवत होत्या. मद्रासेकडे १९४८ मध्यें निघालेल्या अशोक मोटर्सचें नांव १९५५ सालीं अशोक लेलँड झालें, आणि लँकेशायरमधील एका लहान गांवाचें नांव आमच्या तालुक्यांतील पोरासोरांच्या तोंडीं बसलें.

मी लहान असतांना आमच्या बाजारीं मोठ्या बाजारपेठांकडे जनावरें नेणारी एक जुनी बेडफर्ड येत असे. तिला उतार लावण्याची सोय नव्हती. मातीच्या उंचवट्यास पाठ लावून ती उभी करीत आणि बैल ओढून आंत घेत. शेजारच्या एका शेतकऱ्यानें दुष्काळाच्या सालीं आपली जोडी विकली तेव्हां मी तेथें होतों. पैसे मोजून घेतल्यावरही तो गेला नाहीं. फाळका बंद झाला, त्याच्या फटींतून त्यानें बोटें घातलीं, आणि आंतून बैल तीं चाटीत राहिला. ड्रायव्हर घाईंत होता. तरी त्यानें विडी पेटविली आणि ती संपेपर्यंत इंजिन सुरू केलें नाहीं. पुढें चाळीस वर्षें मुलांना दया म्हणजे काय हें मी शब्दांनीं शिकविलें. पण त्या विडीएवढा स्पष्ट अर्थ मला कोणत्याही कोशांत सांपडला नाहीं.

परंतु श्रोतेहो, स्मृति ही मोठी चतुर गृहिणी आहे. ती घरांतील केर गालिच्याखालीं लोटते आणि पाहुण्याला चकचकीत भांडीं दाखविते. त्या जुन्या लॉऱ्यांचे पाटे कडक होते. थंडीचें वारें फटींतून आंत शिरे. जनावराला वाटेंत पाणी मिळेलच असा भरंवसा नसे. तेव्हां जुनें तें सारें सोनें, असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. आजच्या गाडीचे पाटे मऊ आहेत, हवेची सोय चांगली आहे, धुण्याची व्यवस्था कायद्यानें बांधलेली आहे. मग जुन्याबद्दल हळहळ कां वाटावी?

माझ्या अल्पमतीप्रमाणें याचें उत्तर गाडींत नाहीं. तें रस्त्याच्या लांबींत आहे. बाजार जवळ होता आणि खाटीकखानाही जवळच होता, म्हणून जुन्या लॉरीचा बहुतेक प्रवास कांहीं मैलांचा असे. १९७० च्या सुमारास त्या देशांत अडीच हजारांच्या आसपास खाटीकखाने होते. आतां ते कांहीं शेंकड्यांवर आले आहेत. ऑक्सफर्डशायरमधील बॅनबरीचा गुरांचा प्रचंड बाजार १९९८ सालीं बंद पडला. बाजार दूर गेले तशी लॉरी मोठी झाली, आणि जनावराचे तास वाढले.

या लांबीची किंमत २००१ सालीं सर्वांना कळली. नॉर्थंबरलंडमधील एका डुकरांच्या फार्मावरून लाळ्या-खुरकुताचा रोग शेजारच्या मेंढरांत गेला. तीं मेंढरें हेक्सहॅम व लाँगटाउन येथील बाजारांत विकलीं गेलीं, आणि रोगाची ओळख पटण्यापूर्वींच व्यापाऱ्यांच्या लॉऱ्यांनीं तो देशाच्या दूरदूरच्या कोपऱ्यांत पोंचविला. २३ फेब्रुवारीस जनावरांची सर्व ने-आण थांबविण्यांत आली, पण तोंवर उशीर झाला होता. साठ लाखांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं. ज्या चाकांनीं शेतकऱ्याला बाजार जवळ केला, त्याच चाकांनीं त्याच्या गोठ्यांत मरण आणून सोडलें.

तथापि लोकांची सदसद्विवेकबुद्धि निजलेली नव्हती. १९९५ सालीं एसेक्समधील ब्राइटलिंगसी या लहानशा बंदरांत, जिवंत वासरें व मेंढरें परदेशीं नेणाऱ्या लॉऱ्यांपुढें गांवचीं साधीं माणसें, म्हाताऱ्या बायासुद्धां, महिनोन् महिने उभीं राहिलीं. अखेर २०२४ मध्यें कायदा झाला आणि कत्तलीसाठीं अथवा पोसण्यासाठीं ग्रेट ब्रिटनमधून जिवंत गुरें, मेंढरें, बकरीं, डुकरें व घोडे बाहेर पाठविण्यास बंदी आली. आपल्याकडेही १९७८ सालचे जनावरांच्या वाहतुकीचे नियम आहेत. एका मालमोटारींत सहांहून अधिक गुरें घालूं नयेत असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. लिहिलेलें आणि पाळलेलें यांतील अंतर किती, हें ज्यानें रात्रीं हमरस्त्याच्या कडेला उभें राहून पाहिलें असेल त्याला सांगावयास नको.

त्या जुन्या कारखान्यांचें पुढें काय झालें? साउथॉल येथील ए. ई. सी. चा कारखाना १९७९ त बंद झाला. बेडफर्डचा मोठ्या लॉऱ्यांचा धंदा १९८७ त विकला गेला. लेलँडची कंपनी १९९३ मध्यें बुडाली. त्या गांवीं आज लॉऱ्या बनतात, पण त्यांच्या कपाळावर डॅफ हें डच नांव असतें. लेलँड हें नांव मात्र आपल्या देशांत जिवंत आहे, आणि भंडाऱ्याच्या कारखान्यावरही तें आहे. लेंक सासरीं नांदावी आणि माहेरचें घर मोडावें, तसा हा प्रकार झाला.

जुन्या लॉऱ्या रंगवून मिरविणाऱ्या त्या मंडळींना हंसण्याचें कारण नाहीं. यंत्र जपणें हीही कृतज्ञताच आहे. मात्र लोखंड जपतांना त्या पेटाऱ्यांतील मुका उतारू विसरला जाऊं नये, एवढीच विनंती. जुन्या काळाकडून घ्यावयाचें तें त्याचें कडक पाटे नव्हेत आणि त्याचें हँडलही नव्हे. घ्यावयाचा तो जवळचा बाजार, आंवरलेला वेग आणि पेटाऱ्याकडे लागलेला ड्रायव्हरचा कान. या तीन गोष्टींना पेट्रोल लागत नाहीं आणि त्या कोणत्याही संग्रहालयांत ठेवतां येत नाहींत. त्या रस्त्यावरच ठेवाव्या लागतात.