दार लावून वाचताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'जीवनातील चढउतार, एकांत आणि वाचन' असा भारदस्त विषय मला नेमून दिला आहे. यांपैकी चढउतारांवर बोलण्याचा अधिकार येथे बसलेल्या प्रत्येकीला माझ्याइतकाच आहे. ज्या गावाचे धान तलावाच्या आणि पावसाच्या भरवशावर, त्या गावातल्या बाईला चढउतार पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. वाचनाचे म्हणाल तर 'चष्मेवाली बाई' अशी माझी गावात ख्याती आहे, तेवढ्यावरच माझी निवड झाली असावी. राहिला एकांत. त्याबद्दल मात्र मला खरोखरच काही सांगावयाचे आहे. त्यात एक गोष्ट अशी आहे, की जी मी वीस वर्षे कोणापुढे काढली नाही. ती शेवटी सांगेन, म्हणजे तुम्ही मध्येच चहाला उठणार नाही.

मी १९७१ साली लग्न होऊन बोदलकशात आले. तेव्हा आपला हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा निराळा झाला तो १९९९ साली. माहेरी मी सातवी पास झालेली, म्हणजे त्या काळच्या मानाने विदुषीच! सासरी घरात चौदा माणसे. एकांत हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला होता, पण सासरी तो कोठे ठेवला आहे हे मला काही सापडेना. पहाटे सडासारवण, मग भाकरी, मग बांधीवर. रोवण्याच्या दिवसांत गुडघाभर चिखलात ओळीने बाया, पऱ्हे हातात आणि तोंडी गाणे. मोहफुले वेचावयास जंगलात जावयाचे तेही चौघींनी मिळून. मी कुरकुर करीत नाही, त्या संगतीत सुखही पुष्कळ होते. पण दिवसाकाठी एक घटका अशी नसे की जी माझी म्हणता येईल.

वाचावयास मिळे ते पुडीचे कागद. तिरोड्याच्या बाजारातून हळद, जिरे, साखर जे येई ते वर्तमानपत्राच्या कागदात बांधून येई. सामान डब्यात ओतले की तो कागद चुलीत जाण्यापूर्वी मी वाचून घेत असे. बातमी नेमकी मध्येच तुटलेली. कोण्या गावी पूर आला हे कळे, पण तो ओसरला की नाही हे कळत नसे. एकदा एक कथा मिळाली, तिच्यातली नवरीमुलगी लग्नाच्या दिवशी विहिरीकडे निघाली आणि कागद संपला. ती पाणी आणावयास निघाली होती की दुसऱ्या कशास, हे मला अजूनही ठाऊक नाही.

एके दिवशी सासूबाईंनी मला चुलीपुढे कागद उलगडताना पाहिले. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. रमाबाई रानड्यांचे तुम्हांला ठाऊकच असेल. १८७३ साली लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. न्यायमूर्ती त्यांना रात्री शिकवीत आणि दिवसा घरातल्या बायका त्याबद्दल टोचून बोलत. 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या १९१० साली निघालेल्या पुस्तकात त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. न्यायमूर्तींच्या घरी ही गत, मग आमच्या घरी काय होणार? पण आमच्या सासूबाई चुलीत काडी सरकवीत एवढेच म्हणाल्या, "का लिवलं हाये बाई त्याच्यात?" मी वाचून दाखविले. त्या दिवसापासून पुडीचे कागद त्या चुलीत न घालता उतरंडीखाली जपून ठेवू लागल्या. त्यांना अक्षर येत नव्हते, परंतु बातमी कोठे तुटली आहे हे माझ्यापेक्षा त्यांनाच अधिक लक्षात राही.

मधली तीस वर्षे मी येथे सांगत बसत नाही. मुले झाली, दीर वेगळे निघाले, सासूबाई गेल्या, कधी ढोला भरला, कधी रिकामा राहिला. तुमची झाली तशीच ती वर्षे झाली.

२००३ च्या पौषात माझे यजमान गेले. तेरा दिवस घर माणसांनी भरलेले होते. चौदाव्या दिवशी सकाळी मी सवयीने सहा माणसांचा चहा ठेवला आणि आधण उकळू लागल्यावर ध्यानात आले, की प्यावयास मी एकटीच आहे. मुलगा नोकरीनिमित्त नागपूरला, मुली आपापल्या घरी. उभ्या आयुष्यात ज्या एकांतासाठी मी आसुसले होते तो असा सारा एकदमच माझ्या पदरात पडला आणि मला तो घेता येईना. तेव्हा मला पहिल्यांदा कळले की एकटेपणा निराळा आणि एकांत निराळा. एकटेपणा न बोलाविता येतो आणि पाय पसरून बसतो. एकांत आपला आपण करावा लागतो, दही लावल्यासारखा, आणि त्यासाठी विरजण लागते.

ते विरजण माझ्या धाकट्या भावाने आणले. गोंदियाहून येताना त्याने एक जाडजूड पुस्तक आणले, लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. मी पहिल्यांदा ते कपाटावर ठेवून दिले. एवढे जाड पुस्तक आणि माझे सातवीचे शिक्षण! पण पुढे चाळताना समजले, की लक्ष्मीबाईंना तर शाळेचे शिक्षण असे मिळालेच नव्हते. त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. बालपणीच लग्न झाले आणि अक्षरांची ओळख नवऱ्याकडून झाली. म्हटले, हिने लिहिले तर मला वाचता यावयास काय हरकत आहे?

आणि त्यात एके ठिकाणी मी थबकलेच. लक्ष्मीबाईंचे यजमान म्हणजे कवी नारायण वामन टिळक. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले असता एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलातील नव्या कराराची प्रत दिली आणि वाचून पाहा म्हणून सांगितले. भगिनींनो, नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी कोणत्या रुळावरून जाते? तुमसर, तिरोडा, गोंदिया, डोंगरगड! आपण बाजाराला, दवाखान्याला, लेकीकडे ज्या गाडीने जातो तोच हा मार्ग. तिरोड्याचे स्टेशन मागे पडेपर्यंत टिळकांनी त्या पुस्तकाची किती पाने उलटली असतील, असे माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढे १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. बायकोला बातमी मागाहून कळली. त्या काळी याचा अर्थ काय, हे मी तुम्हांला सांगावयास नको. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला, पदरी लहान मूल, राहणे आप्तांच्या घरी. अशी चार-पाच वर्षे गेली. त्यांचे बरोबर की यांचे बरोबर, याचा निवाडा करावयास मी उभी नाही; ज्याचा धर्म त्याच्यापाशी. मला एवढेच दिसले, की एका माणसाने आगगाडीत एक पुस्तक उघडले आणि त्याचे ओझे एका बाईने वर्षानुवर्षे वाहिले. वाचन म्हणजे वेळ घालविण्याचे निरुपद्रवी साधन, असे जे आपण मुलांना सांगतो ते तितकेसे खरे नाही.

परंतु त्या ताटातुटीच्या काळातच लक्ष्मीबाई स्वतः कविता करू लागल्या. पुढे त्या आपल्या विचाराने नवऱ्याकडे परत गेल्या, १९०० साली त्यांनीही तो धर्म स्वीकारला, आणि टिळक १९१९ साली वारल्यावर म्हातारपणी हे सारे लिहून काढले. १९३४ पासून ते पुस्तकरूपाने येऊ लागले. मला अपेक्षा होती रडगाण्याची. पण ही बाई पानापानावर स्वतःलाच हसते! यजमान गेल्यापासून मी प्रथम मोठ्याने हसले ते हे पुस्तक वाचताना. आणि लगेच दचकून दाराकडे पाहिले, कोणी ऐकले तर काय म्हणेल.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मला एकांताची गोडी लागली. गोडी कसली, हावच म्हणा. दुपारी जेवण उरकले की मी दाराला आतून कडी घालीत असे. मंडईला सारा गाव लोटला तरी मी घरातच. हळदीकुंकवाला बोलावणे आले की डोके दुखते म्हणून सांगावे. तुम्ही समजत होता की बाई दुःखात आहे. दुःख होतेच, पण खरे सांगते, पुष्कळ वेळा मी पुस्तकात असे.

२००४ च्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या पलीकडच्या आळीतली एक बाई, तीही माझ्यासारखीच एकटी, दुपारी दारात आली. तिच्या बांधीतले धान त्या साली तुडतुड्याने गेले होते. हातात कसला तरी कागद. बाहेरून म्हणाली, "बाई, येवढा कागद पाहून द्या ना जी." मी पुस्तकात अशा ठिकाणी होते की उठवेना. आतूनच म्हणाले, "उद्या ये." ती दोनदा हाक मारून गेली. दुसऱ्या दिवशी तिला मजुरीला जावे लागले. तिसऱ्या दिवशी मी विसरले. आठवड्याने ती भेटली तेव्हा मी कागद पाहिला. नुकसानीच्या मदतीसाठी सातबारा आणि बँकेचे पुस्तक घेऊन एका ठरावीक तारखेच्या आत यावे, असे त्यात लिहिले होते. ती तारीख दोन दिवसांपूर्वी टळून गेली होती.

तिने मला एक शब्दही बोलून दाखविला नाही. "जाऊ द्या जी," म्हणाली आणि कागद घडी करून कनवटीला लावला. त्या वर्षी तिने गाय विकली.

मी घरी आले. पुस्तक उघडले, पण ओळ लागेना. दोन ओळींचा कागद वाचावयास मी उठले नाही आणि पाचशे पानांचे पुस्तक वाचून स्वतःला शहाणी समजत होते. माझ्या सासूबाई निरक्षर, पण पुडीचा कागदसुद्धा त्यांनी एकटीसाठी ठेवला नव्हता.

एकांताने माणूस मोठा होतो असे म्हणतात, आणि आपल्याच जिल्ह्यात नवेगावबांधच्या तलावाकाठी मारुती चितमपल्ली वर्षानुवर्षे राहिले, हा त्याचा दाखला म्हणून देतात. वनखात्याची नोकरी करून त्यांनी रानाची, पाखरांची एवढी पुस्तके लिहिली, २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ च्या जूनमध्ये ते वारले तेव्हा पुष्कळांनी लिहिले, की अरण्यातला एकांत त्यांनी जन्मभर जोपासला. ते खरेच आहे. पण त्यांची पुस्तके वाचून पाहा. पाखरांची आणि झाडांची नावे त्यांना सांगणारी माणसे कोण? आपल्याकडचीच रानात वावरणारी, कधी शाळेत न गेलेली माणसे. त्यांच्या एकांताला कडी नव्हती. माझ्या एकांताला होती.

त्यानंतर मी काय केले? फार काही नाही. दुपारी दार उघडे ठेवून ओसरीवर वाचू लागले. कोणी कागद घेऊन आले की पुस्तकात काडी घालून उठावयाचे. रेशनचे कार्ड, बँकेचा कागद, विजेचे बिल, औषधाची चिठ्ठी, लेकीचे पत्र. अलीकडे मोबाइलवर आलेला मजकूरही. यामुळे पुस्तक संपावयास चौपट वेळ लागतो, आणि कधीकधी राग येतो हेही कबूल करते. पहाटेची एक घटका मात्र मी माझी ठेवली आहे. तेव्हा कोणी येऊ नये ही विनंती!

आणि ती बाई? दोन-तीन वर्षांनी तीच ओसरीवर येऊन बसली. कागद नव्हता. म्हणाली, "तुमी का वाचता ते मले वाचून दाखवा." मी तिला बहिणाबाई चौधरींविषयी सांगितले, की त्यांना लिहितावाचता येत नव्हते, जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या गाणी रचीत आणि मुलाने व नातलगाने ती टिपून ठेवली, १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी ती गाणी पुस्तकात आली. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "टिपून ठेवनारं कोनी नसतं त?" याला मजजवळ उत्तर नव्हते.

तिच्यामुळे आणखी चौघीजणी येऊ लागल्या, आणि आपल्या मंडळाचे मंगळवारचे वाचन त्यातून सुरू झाले, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. गेल्या सभेत निघाले होते, की कपाटातली पुस्तके हलवून तेथे भाड्याच्या पराती ठेवाव्यात. परातींनी मंडळाला पैसे मिळतात, हे मी नाकारीत नाही. परातींना खोलीत भिंतीकडेला जागा करू, मी स्वतः रचून देईन. पुस्तके कपाटात राहू द्यावीत, नाहीतर त्यांना वाळवी धरेल.

ही गोष्ट मी तिची परवानगी घेऊनच सांगितली आहे. काल विचारले तेव्हा म्हणाली, "सांगा जी, पन माहं नाव नोको घेजा." म्हणून घेतले नाही. ती येथेच बसली आहे.

सध्या मंगळवारी आम्ही 'स्मृतिचित्रे'च वाचीत आहोत. मी तिसऱ्यांदा, त्या पहिल्यांदा. मागच्या मंगळवारी टिळक मुंबईला निघून गेले तेथवर आलो होतो. कोणी म्हणाले बाईने परत जाऊ नये, कोणी म्हणाले लेकराकडे पाहून जावे, असा कडाक्याचा वाद झाला. मला पुढचे ठाऊक असल्यामुळे मी गप्प होते. आज मात्र बोलण्याच्या भरात सारे सांगून बसले, त्याबद्दल त्या पाचही जणींची क्षमा मागते. तेवढ्यात नळाला पाणी आले आणि सगळ्या गुंड उचलून पळाल्या. पानात काडी घातलेली आहे.