नवउद्यमाचे संकेतस्थळ : सजावट की गुंतवणूक?



जून 2011 मध्ये चेन्नईतील फ्रेशडेस्क या नवउद्यमाला पैसे मोजणारा पहिला ग्राहक मिळाला. हा ग्राहक चेन्नईतला नव्हता, भारतातलाही नव्हता. ऑस्ट्रेलियातील ॲटवेल कॉलेज या शिक्षणसंस्थेने, येणाऱ्या विचारणा व तक्रारी हाताळण्यासाठी या कंपनीचे सॉफ्टवेअर स्वीकारले. गिरीश मातृभूतम आणि शान कृष्णसामी यांनी ही कंपनी 2010 मध्ये स्थापन केली होती. तिला ना जुनी प्रतिष्ठा होती, ना परदेशात विक्रीची यंत्रणा. अशा कंपनीचे संकेतस्थळ हेच तिचे दुकान, तोच तिचा विक्रेता आणि तीच तिची ओळख असते.

म्हणूनच संकेतस्थळाची आणि जाहिरातचित्रांची पुनर्रचना हा केवळ रंगसंगतीचा विषय नाही. तो अर्थशास्त्राचाही विषय आहे. नवउद्यमाचे तुटपुंजे भांडवल या कामात घालावे का, घालावे तर किती आणि कशावर, हा खरा प्रश्न आहे.

माहितीची असममिती

जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर ग्राहक चांगल्या मालालाही पुरेशी किंमत देत नाही. परिणामी चांगला माल बाजारातून बाहेर पडू लागतो. मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये यावरचा एक मार्ग मांडला : चांगल्याला परवडणारा, पण वाइटाला महाग पडणारा संकेत. या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह 2001 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फिलिप नेल्सन यांनी 1970 मध्ये आणखी एक भेद स्पष्ट केला : काही वस्तूंचा दर्जा खरेदीपूर्वी पारखता येतो, तर काहींचा केवळ वापरातून कळतो.

सॉफ्टवेअर हे दुसऱ्या प्रकारात मोडते. आकर्षक चित्र, चकचकीत बोधचिन्ह आणि मोठमोठी विशेषणे कोणालाही विकत घेता येतात. त्यामुळे संकेत म्हणून त्यांचे मोल थोडे. याउलट उघडपणे छापलेले दर, मोफत वापरून पाहण्याची सोय, पैसे परत करण्याची हमी आणि तक्रारीसाठी खरा पत्ता या गोष्टी निकृष्ट माल विकणाऱ्याला महाग पडतात. पुनर्रचनेत पहिली जागा द्यायची ती यांना. चित्राचे काम ग्राहकाची नजर या माहितीपर्यंत नेण्याचे आहे, तिची जागा घेण्याचे नाही.

चेन्नईतील तीन उदाहरणे

मुरुगवेल जानकीरामन यांनी अमेरिकेत असताना 1997 मध्ये तमिळ समाजासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. त्यातील विवाहविषयक विभागालाच सर्वाधिक प्रतिसाद मिळतो, हे लक्षात आल्यावर त्यांनी तोच व्यवसाय केला. त्यातून भारतमॅट्रिमनी उभी राहिली. पुढे मराठीसह निरनिराळ्या भाषिक समाजांसाठी तिची स्वतंत्र दालने झाली. ही कंपनी 2017 मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. येथे रचना बदलली ती ग्राहकाचे वर्तन पाहून.

1996 मध्ये ॲडव्हेंटनेट या नावाने सुरू झालेल्या कंपनीने, झोहो हे तिचे उत्पादन सर्वतोमुखी झाल्यावर, 2009 मध्ये तेच नाव स्वतः धारण केले. फ्रेशडेस्कचा प्रवास उलटा झाला. एका उत्पादनाची अनेक उत्पादने झाली आणि जुन्या नावात ती मावेनात, म्हणून कंपनी 2017 मध्ये फ्रेशवर्क्स झाली. सप्टेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात समभागविक्री करून तिने सुमारे 1.03 अब्ज डॉलर उभारले. या यशाचे श्रेय नामांतराला देणे चुकीचे ठरेल. उत्पादन, किंमत व सेवा यांचा वाटा त्यात मोठा. मात्र दोन्ही नामांतरांतून एक सूत्र हाती लागते : आधी व्यवसायाचा आशय बदलला, मग त्याचा चेहरा.

खर्चाचा हिशेब

एक काल्पनिक उदाहरण घ्या. एका नवउद्यमाच्या संकेतस्थळाला महिन्याला 2,000 जण भेट देतात आणि त्यांपैकी 20 जण खरेदी करतात. प्रत्येक खरेदीमागे 600 रुपये शिल्लक राहतात. संपूर्ण पुनर्रचनेचा खर्च 1,20,000 रुपये असून तिच्यामुळे ग्राहक 30 होतील, अशी अपेक्षा आहे. वाढीव प्राप्ती महिन्याला 6,000 रुपये. म्हणजे खर्च वसूल होण्यास 20 महिने लागतील. केवळ दरपत्रक सुबोध करणे आणि मागणी नोंदवण्याच्या पायऱ्या कमी करणे यांस 12,000 रुपये लागून पाच ग्राहक वाढणार असतील, तर वसुली चार महिन्यांत होते. ज्याच्या हाती वर्षभर पुरेल एवढेच भांडवल आहे, त्याच्यासाठी या दोन पर्यायांतील निवड ही तगण्याची वा बुडण्याची निवड ठरू शकते. सीमांत लाभ आणि संधी-खर्च या संकल्पनांचा हाच व्यावहारिक अर्थ.

अपेक्षा खरी ठरली का, हे पडताळण्याची रीतही सोपी आहे. एकाच काळात निम्म्या अभ्यागतांना जुने पान व निम्म्यांना नवे पान दाखवावे. आधीचा महिना आणि नंतरचा महिना अशी तुलना केली, तर सणासुदीच्या मागणीचे श्रेयही नव्या पानाला मिळते. आकडे लहान असतील, तर निष्कर्षाची घाई नको. दहाचे पंधरा होणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो.

कायद्याची चौकट

2011 च्या अखेरीस फ्रेशडेस्क ही झेनडेस्क या आधीच्या कंपनीची नक्कल असल्याची टीका झाली होती. कंपनीने स्वतंत्र संकेतस्थळ उभारून आपली बाजू लोकांपुढे मांडली. यातून घेण्याचा बोध असा की, नाव आणि बोधचिन्ह निवडतानाच त्यांचे वेगळेपण तपासून घ्यावे. व्यापारचिन्ह कायदा, 1999 नुसार नोंदणी दहा वर्षे टिकते व तिचे नूतनीकरण करता येते. 2017 च्या नियमांनी नवउद्यम, व्यक्ती आणि लघुउद्योग यांच्यासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रतिवर्ग 4,500 रुपये, तर इतरांसाठी 9,000 रुपये ठेवले.

दुसरी मर्यादा ग्राहकहिताची. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत, तर पुढील प्रत्येक उल्लंघनासाठी पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘शेवटचे दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई दाखवणे, ग्राहकाच्या नकळत यादीत वस्तू घुसवणे, वर्गणी बंद करण्याची वाट लपवणे अशा तेरा फसव्या रचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद केल्या आहेत. अशा क्लृप्त्यांनी या महिन्याची विक्री वाढेलही; पण बाजारातील ज्या अविश्वासावर मात करण्यासाठी पुनर्रचना हाती घेतली, तोच त्यांनी बळावतो.

जिल्ह्याच्या गावातील तरुणालाही इंटरनेटमुळे दूरचा ग्राहक मिळू शकतो, ही मोठी संधी आहे. तिचा लाभ घेण्यासाठी पैशापेक्षा स्पष्टता अधिक लागते : काय विकतो, कितीला विकतो आणि बिघडले तर कोण जबाबदार. या तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे अनोळखी ग्राहकाला सहज सापडली, तर पुनर्रचनेवरचा खर्च ही गुंतवणूक; ती सापडली नाहीत, तर कितीही देखणी असली तरी निव्वळ सजावट.