इथंच तर जायचंय



उत्रोलीतून शिरवळच्या कंपन्यांत पहिल्या पाळीला निघणारी पोरं बघा. हेल्मेट बऱ्याच जणांकडे असतं, पण आरशाला अडकवलेलं, टाकीवर ठेवलेलं, नाहीतर मागच्याच्या कोपरात. हायवे दिसला की ते डोक्यावर चढतं. भोरच्या बाजाराला किंवा रानात डबा द्यायला निघालं की मात्र घरीच खुंटीला. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘इथंच तर जायचंय!’

आता जुलैतला आपला रस्ता आठवा. चिखलणी उरकून ट्रॅक्टर खाचरातून वर येतो आणि चाकांचा चिखल डांबरावर सांडत जातो. वरून पावसाची भुरभुर चालू असते. वळणावर त्या चिखलात पुढचा ब्रेक दाबला की गाडी अंगाखालून निसटते. काटा चाळीसवरही नसतो, पण डोकं फुटायला चाळीस पुष्कळ झाले. हेल्मेटवर जगभर झालेले अभ्यास एकत्र तपासल्यावर असं दिसलं, की हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी घटतो. पण पट्टा लावलेला हवा. नाहीतर आधी हेल्मेट उडतं, मग माणूस पडतो.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, आणि चार वर्षांवरच्या मुलालाही. मागे बसलेल्या बायकोचं किंवा आईचं डोकं कायद्याने वेगळं धरलेलं नाही, आपणच तसं धरतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर बिनहेल्मेट गाडी चालवल्यास १,००० रुपये दंड आहे आणि लायसन तीन महिने रद्द होऊ शकतं. ट्रिपल सीटलाही तसंच.

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला, अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. गावोगावी लोक चिडून बोलत होते, आणि ते योग्यच होतं. पण दहावीतल्या पोराला ‘जा, दूध घालून ये’ म्हणत गियरच्या गाडीची चावी देणाऱ्या बापालाही मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ लागू आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.

आणि एवढं करूनही अपघात झालाच तर?

वळणावर कुणी पडलेला दिसला, की आधी आपली गाडी इंडिकेटर चालू ठेवून कडेला लावा आणि एकाला वळणाच्या अलीकडे उभं करा, म्हणजे मागून येणारं वाहन अंगावर येणार नाही. १०८ला फोन लावा. गाव, फाटा, देऊळ, कंपनीचं गेट, जी खूण सांगता येईल ती सांगा. गर्दी जमते आणि कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी तोंडात पाणी ओततं, दोघं बखोटीला धरून उठवून बसवतात. हे सगळं मायेपोटी होतं, पण बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत पाणी जातं आणि मोडलेली मान उठवताना कायमची जाते. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका; काच वर करा, पट्टा सैल करा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ टॉवेल घट्ट दाबून धरा, आणि काय झालंय ते बघायला तो सारखा उचलू नका.

‘पोलिसांचं लचांड कशाला?’ म्हणून पुढे निघून जाण्याचं आता कारण उरलेलं नाही. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या नियमांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९ला ते कलम १३४-अ म्हणून कायद्यातच आलं. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. मे २०२५पासून केंद्राची योजनाही आहे: अपघातानंतर सात दिवसांपर्यंत, नेमून दिलेल्या रुग्णालयात दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. दवाखान्यात पाय ठेवल्याबरोबर त्याबद्दल विचारा.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या दिवसाची. चार मोठी माणसं बसतात, ‘पोरगं आपलंच आहे, केस कशाला, दहा हजार घ्या’ म्हणतात आणि प्रकरण मिटतं. त्या दिवशी पाय नुसता सुजलेला असतो. महिन्याने कळतं की रॉड टाकावा लागणार. तोवर पंचनामा नसतो, दवाखान्याच्या कागदावर अपघाताची नोंद नसते आणि समोरची गाडी कुठली हेही सिद्ध करता येत नाही. भावकीत गोडी राहावी असं मलाही वाटतं. पण पोलिसांत नोंद केली म्हणून वैर होत नाही, आणि भरपाई बहुधा समोरच्याच्या खिशातून नाही, विमा कंपनीकडून येते. तीही त्याने हप्ता भरलेला असला तर. म्हणून ठाण्यात वेळेत जा, गाड्यांचे फोटो काढून ठेवा आणि आपल्या विमा कंपनीला लगेच कळवा.

धडक देऊन वाहन पळून गेलं, तरी सरकारकडून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. तो अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो. मात्र मित्राची गाडी घेऊन आपणच घसरून पडलो, तर नुसत्या थर्ड पार्टी विम्यातून काही मिळत नाही. पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण गाडीच्या मालकापुरतं असतं, आणि तेही त्याचं लायसन चालू असेल तरच.

नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. दुःखात ते महिने कधी सरतात ते घरच्यांना कळत नाही. वकिलाच्या फीचा धाक असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. नवरा किंवा मुलगा गमावलेल्या बाईला तिथे, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो.