डोळ्याच्या पडद्यावरील प्रकाश

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रताप नगर, जयपूर येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी कार्यकारिणीने माझे नाव सुचविले तेव्हा मला संकोच वाटला. मी वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. मी कलाशाखेचा पदवीधर असून केंद्र सरकारच्या हिशेबतपासणीच्या कामात माझे आयुष्य गेले. परंतु गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या डोळ्यावर लेसरचे उपचार झाले. त्या निमित्ताने जे पाहिले, विचारले आणि वाचले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच हेतू आहे.

आरंभी घरातील गोष्ट सांगतो. माझे थोरले बंधू सांगलीस असतात. त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. चष्मा लावून ते रोज वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचीत. त्यामुळे डोळे उत्तम आहेत, अशी त्यांची आणि आम्हां सर्वांची समजूत होती. एके सकाळी त्यांना डाव्या डोळ्यापुढे कोळ्याच्या जाळ्यासारखे काळे तंतू तरंगताना दिसले. संध्याकाळपर्यंत त्या डोळ्यापुढे काळोख झाला. आत रक्तस्राव झाला होता. पुढे शस्त्रक्रिया झाली. पण आज त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढाच भेद कळतो. "तू तरी वेळेवर दाखव," असे दादांनी मला दूरध्वनीवर बजावले. मधुमेह मलाही आहेच. तरीही मार्चअखेर, मग दौरे, मग पुन्हा मार्चअखेर, अशी दोन वर्षे मी घालविली. दुसऱ्यांच्या दप्तरातील त्रुटी काढणाऱ्याचे स्वतःचे दप्तर तपासणीवाचून पडून होते!

डोळ्याच्या मागच्या बाजूस आतून एक पातळ अस्तर असते. त्यास दृष्टिपटल, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत रेटिना, म्हणतात. त्याची जाडी सुमारे पाव मिलिमीटर. जगाचे चित्र उमटते ते या पडद्यावर. मधुमेहात त्यातील केसासारख्या रक्तवाहिन्या झिरपू लागतात, काही बुजतात. रक्तावाचून उपाशी पडलेला भाग नव्या वाहिन्यांना आमंत्रण देतो, आणि त्या इतक्या नाजूक असतात की सहज फुटतात. आश्चर्य हे की, एवढे सारे चालू असताना माणूस सुखाने वाचीत असतो. कारण वाचनाचे काम मधल्या इवल्याशा पीतबिंदूवर चालते, आणि तेथवर बिघाड पोहोचेपर्यंत रोग्याला काहीच कळत नाही.

मग डॉक्टरांना तरी कळावे कसे? बाहुली आपल्याला काळी दिसते, कारण आत डोकावू गेलो की आपलेच डोके उजेडाच्या आड येते. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने काचेच्या साह्याने हा पेच सोडविला. काचेवरून परावर्तित झालेला उजेड बाहुलीतून आत जाई आणि त्याच काचेतून पाहणाऱ्याला आतला पडदा दिसे. जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या कोठेही छेद न घेता प्रत्यक्ष पाहता येतात, अशा शरीरातील मोजक्या जागांपैकी ही एक आहे.

ज्या वाटेने पाहता येते त्याच वाटेने उपचारही करता येतील, ही कल्पना सुचली ती ग्रहणामुळे. २४ ऑक्टोबर १९९५ चे सूर्यग्रहण आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आपल्या जवळच्या नीम का थाना येथे ते खग्रास दिसले होते. उघड्या डोळ्यांनी पाहू नका, असे तेव्हा बजावले जात होते. ९ जुलै १९४५ च्या ग्रहणात असेच डोळे भाजून घेतलेल्या रुग्णाचे दृष्टिपटल माययर-श्विकेराट या जर्मन नेत्रवैद्याने तपासले. सूर्य नकळत भाजू शकतो, तर हवे तेथे मोजके भाजता येणार नाही काय, असा विचार त्याच्या मनात आला. १९४९ मध्ये त्याने हँबुर्ग येथे आरशांनी सूर्यकिरण आत आणून रुग्णांवर उपचार केले. आपल्या जंतर मंतरातील सम्राट यंत्रावर सावली डोळ्यांदेखत सरकताना आपण पाहुण्यांना दाखवितो. सवाई जयसिंहांच्या पदरी असलेले महाराष्ट्रीय जगन्नाथ पंडित त्याच काळातले. त्या धावत्या सूर्याला आरशात धरून ठेवणे किती कठीण, हे जयपूरकरांना वेगळे सांगावयास नको. शिवाय ढग आले की उपचार बंद! पुढे सूर्याची जागा झेनॉन वायूच्या दिव्याने घेतली, आणि १९६० साली लेसरचा शोध लागल्यावर केसाएवढ्या जागेवर नेम धरता येऊ लागला.

परंतु नेम धरावयाचा तर आधी दिसले पाहिजे. भाजलेली जागा पुन्हा पूर्ववत होत नाही. एक ठिणगी पीतबिंदूच्या मध्यावर पडली तर वाचन कायमचे गेले. म्हणून पाहणे आणि भाजणे ही दोन्ही कामे एकाच वेळी, एकाच बाहुलीतून चालतात. १९६१ साली नोव्हॉट्नी आणि अल्विस या अमेरिकेतील दोघांनी दंडातील शिरेत चमकणारा रंग टोचून दृष्टिपटलाची छायाचित्रे घेण्याची रीत प्रसिद्ध केली; वाहिनी कोठे झिरपते ते त्यात उजळून दिसते. १९९१ मध्ये प्रकाशाच्याच साह्याने या पडद्याचे थर उभा छेद घेतल्यासारखे दाखविणारी तपासणी आली. तिला ओसीटी म्हणतात.

माझ्या वेळी डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केली, हनुवटी टेकविली, बधिर केलेल्या डोळ्यावर एक भिंग बसविले. शेजारच्या पडद्यावर माझे दृष्टिपटल होते: नारिंगी चंद्रबिंबावर पिंपळपानाच्या शिरा असाव्यात, तसे. आधी मंद लाल ठिपका जागा दाखवी, मग हिरवा प्रकाश लखकन चमके, आणि तेथे फिकट पांढरा डाग उमटे. तो डाग किती पांढरा झाला, यावरून मात्रा बरोबर आहे की नाही हे डॉक्टर ठरवितात. कडेच्या भागात शेकडो डाग दिले जातात. तो भाग गमावावा लागतो. पण त्यामुळे प्राणवायूची मागणी घटते आणि नव्या वाहिन्यांचे आमंत्रण थांबते. मध्याला वाचविण्यासाठी कडा खर्ची घालावयाची, असा हा व्यवहार आहे. आता काही यंत्रे आधी काढलेले चित्र चालू चित्रावर बसवितात, डाग कोठे द्यावयाचे ते अगोदर आखून घेतात, आणि डोळा हलला तर किरण रोखतात.

या उपचाराचा उपयोग किती? अमेरिकेत १७०० हून अधिक रुग्णांचा एक डोळा उपचारासाठी आणि दुसरा तुलनेसाठी ठेवून पाहणी झाली. १९७६ साली निष्कर्ष आला, की लेसरने गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो. पीतबिंदूच्या सुजेवर आता बहुधा डोळ्यात इंजेक्शन देतात, आणि इतर प्रकारांतही ती वापरतात. पण लेसर आजही मोडीत निघालेला नाही. मात्र तो असलेले राखतो, गेलेले परत आणीत नाही. माझे वाचन शाबूत आहे. रात्री गाडी चालविताना बाजूचे थोडे कमी दिसते, इतकेच.

भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतले काही या सभागृहात नक्की असतील. त्यांना माझी एक विनंती आहे: दिसते आहे म्हणून थांबू नका. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्या. नुसत्या चष्म्याच्या नंबराची तपासणी पुरेशी नाही.

आणि मंडळाला एक सूचना. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते. जयपूरच्या उन्हात एकट्याने घरी परतणे अवघड. गावी असतो तर भाऊ, पुतण्या सोबत आला असता. येथे पुष्कळांची मुले पुण्या-बंगळुरास असतात, म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते. माझ्यासोबत सौभाग्यवती होती; जो एकटा आहे त्याने काय करावे? सुवर्णमहोत्सवी वर्षात सोबत जाण्यास तयार असणाऱ्या सभासदांची एक यादी आपण करावी. तीत पहिले नाव माझे लिहावे.

दादांना मी हे भाषण दूरध्वनीवर वाचून दाखविले. ते म्हणाले, "माझी गोष्ट अवश्य सांग. कोणाच्या तरी उपयोगी पडू दे." त्यांच्या आज्ञेप्रमाणे सांगितली.