ओझ्याची गाडी आणि माणसांची गाडी

वऱ्हाडांतील सुखवस्तु शेतकऱ्याच्या दारीं पूर्वी दोन गाड्या असत. एक बंडी आणि दुसरी दमणी. बंडी शेणखत, कडबा, कापूस आणि लांकूडफांटा वाही. दमणी घरच्या बायकामुलांना माहेरीं, लग्नाला, जत्रेला नेई. बंडीचे बैल थोराड आणि धिम्या चालीचे, तर दमणीचे अंगानें हलके आणि पळणारे. ज्याच्या गोठ्यांत चार बैल बांधण्याची ऐपत नसे, तो बंडीलाच तट्टे बांधी, तळाशीं कडबा पसरी, त्यावर सतरंजी टाकी आणि त्याच बंडींतून पाहुणेमंडळींना लग्नघरीं पोंचवी. अंग ठेंचाळून निघे. पण दुसरा उपाय नसे.

बैल गेले, तरी हा प्रश्न गेला नाहीं. आज यवतमाळ जिल्ह्यांतील एखादें दहापंधरा एकरांचें शेतकरी कुटुंब गाडी घेण्याचा विचार करूं लागलें, कीं घरांत दोन पक्ष पडतात. बापाला आणि थोरल्या मुलाला पिकअप हवी असते. हौद्यांत कापूस भरतां आला पाहिजे आणि मागें पाण्याच्या टाकीची ट्रॉली अडकवतां आली पाहिजे, एवढेंच त्यांचें मागणें. आईला आणि सुनेला कळंबच्या चिंतामणीला, पैनगंगेपलीकडे माहूरला, किंवा अपरात्रीं तापानें फणफणलेलें पोर घेऊन यवतमाळच्या दवाखान्यांत नेण्याजोगी गाडी हवी असते. दोघांचेंही म्हणणें रास्त असतें. मात्र पैसा एकाच गाडीपुरता असतो.

दोन्ही कामें एकाच साधनानें होतच नाहींत असें नाहीं. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरांची अरुंद रुळांची आगगाडी, जिला सारा मुलूख शकुंतला म्हणून ओळखतो, ती विसाव्या शतकाच्या आरंभीं मुख्यतः कापसासाठीं निघाली. किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखालीं ती चाले. कापसाबरोबर दारव्ह्याकडचीं माणसेंही तिनेंच बाजाराला नेलीं आणि परत आणलीं. आतां ती बंद आहे. पण तिच्यांतली एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे: इंजिन एक असलें तरी गांठोड्यांचे डबे निराळे आणि माणसांचे निराळे होते.

पिकअप निवडतांना पहिला विचार ओझें कोणत्या जातीचें आहे हा करावा. कापूस आणि सोयाबीन हीं या जिल्ह्याचीं दोन मुख्य पिकें. परंतु गाडीच्या दृष्टीनें तीं एकमेकांच्या उलट आहेत. कापूस फुगीर असतो. हौदा शिगोशीग भरला तरी गाडीची शक्ति पुष्कळ शिल्लक राहते. सोयाबीनच्या पोत्यांचें तसें नाहीं. हौदा निम्मा रिकामा दिसतो आणि गाडीनें मात्र पुरतें वजन उचललेलें असतें. म्हणून कापूसवाल्यानें हौद्याची लांबी पाहावी आणि सोयाबीनवाल्यानें वजनाचा आंकडा पाहावा. दोन्ही पिकें घेणाऱ्यानें दोन्ही पाहावें, आणि बहुतेकजण दोन्ही घेतात.

साध्या पिकअपचा हौदा आठनऊ फुटांचा असतो. पुढें चालक आणि एकदोन माणसें, एवढीच जागा. डबल केबिनची गाडी घेतली कीं पांच माणसें दरवाजाआड बसतात. परंतु तितकी जागा हौद्यांतूनच कापली जाते आणि तो साडेचारपांच फुटांवर येतो. या जातीच्या गाड्यांत बोलेरो कॅम्पर ही खेडोपाडीं विशेष दिसते. दुसऱ्या टोकाला इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स आहेत. पहिली आपल्या देशांत २०१६ सालीं आली, दुसरी २०२२ सालीं. यांची बैठक मोटारगाडीसारखी, इंजिनें बळकट, चारही चाकांना जोर देण्याची सोय. पण किंमत कॅम्परच्या दुपटीहून अधिक जाते, आणि लांबी सुमारें ५.३ मीटर. गांवांतल्या बोळांत, जेथें दोन बंड्या समोरासमोर आल्या कीं एकीला मागें सरावें लागे, तेथें ही गाडी वळवितांना शेजाऱ्याच्या भिंतीचा विचार आधीं करावा लागतो.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. गाडी जितकी महाग तितकें ओझें अधिक, असें पुष्कळांना वाटतें. तसें नाहीं. ओझें उचलण्याची शक्ति नुसत्या इंजिनांत नसते. ती कमानपाट्यांत, आंसांत, टायरांत आणि ब्रेकांत असते. जाड पाट्यांची गाडी पोतीं मुकाट्यानें वाहते, पण रिकामी असतांना खड्ड्याखड्ड्याला उसळते आणि मागें बसलेल्या म्हातारीच्या कमरेची परीक्षा पाहते. मऊ बैठकीची गाडी म्हातारीला सुखानें नेते, पण तिला लिहून दिलेलें ओझें पुष्कळदां कमी असतें. कोणत्याही गाडीच्या पाटीवर किंवा नोंदणीच्या कागदावर भरल्या गाडीचें कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचें वजन असे दोन आंकडे असतात. पहिल्यांतून दुसरा वजा केला कीं उरेल तीच खरी पुंजी. तींत माणसेंही आलीं. समजा, पुंजी १,००० किलोंची आहे. ६५ किलोंचीं पांच माणसें बसलीं कीं ३२५ किलो गेले. मागें अडकविलेल्या ट्रॉलीनें हुकावर ८० किलो भार टाकला. उरले ५९५, म्हणजे सहा क्विंटलांनाही पांच किलो कमी. हा हिशोब बाजारसमितीच्या वाटेवर नव्हे, तर गाडी घेण्यापूर्वी व्हावा.

आतां ओढण्याविषयीं. उचलणें आणि ओढणें हीं दोन निराळीं कामें आहेत. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतही चांगला जोर देतें, त्यामुळें सपाट रस्त्यावर जड ट्रॉली हलविणें अवघड नाहीं. आणि यामुळेंच माणूस फसतो. ट्रॉली हलली म्हणजे झालें असें त्याला वाटतें. परंतु जी हलली ती थांबविलीही पाहिजे. एक परदेशी उदाहरण बोलकें आहे. ऑस्ट्रेलियांत हायलक्सच्या कांहीं नमुन्यांना ३,५०० किलोंपर्यंतची ट्रॉली ओढण्याची मुभा आहे; मात्र त्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असले पाहिजेत. ट्रॉलीला ब्रेक नसतील तर त्याच गाडीला, त्याच इंजिनाला, मर्यादा ७५० किलोंची. हा फरक सारा ब्रेकांचा आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गांवीं वेल्डिंगच्या दुकानांत जी दोन चाकी ट्रॉली बनते, तिला ब्रेक क्वचितच असतात. म्हणून परदेशी जाहिरातींतला साडेतीन टनांचा आंकडा पाहून कोणी हुरळून जाऊं नये. येथें विकलेल्या गाडीच्या पुस्तिकेंत ओढण्याची मर्यादा काय लिहिली आहे तें पाहावें, आणि मर्यादा लिहिलीच नसेल तर कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावें. वेग दुप्पट झाला कीं थांबविण्याचें काम चौपट होतें. पुसदकडचे डोंगर उतरतांना चाळीसच्या वेगानें जी ट्रॉली आज्ञाधारक वाटते, तीच ऐंशीच्या वेगानें मागून गाडीला ढकलूं लागते.

ट्रॉलींत माल कसा भरावा हें मात्र या जिल्ह्यांतील जुन्या माणसांना शिकवावें लागत नाहीं. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं लहानपणीं बंडी हांकली असेल, त्यांना उलाळ गाडी म्हणजे काय तें ठाऊक असेल. मागें ओझें जास्त झालें कीं जूं वर उचलतें आणि बैलांच्या गळ्याला फांस बसतो. पुढें जास्त झालें कीं त्यांच्या माना दबतात. मोटारीच्या मागें हाच न्याय चालतो. ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहाव्या भागाच्या आसपास भार हुकावर असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. तो फारच कमी झाला तर ट्रॉली सापासारखी डोलूं लागते; फार वाढला तर गाडीची पाठ खचते, पुढचीं चाकें हलकीं होऊन सुकाणू मऊ लागतें, आणि रात्रीं दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. पाण्याची टाकी अर्धी भरून नेणें हें त्याहून वाईट, कारण पाणी आंत हिंदकळून भाराची जागा क्षणाक्षणाला बदलतें. टाकी पूर्ण भरावी, नाहींतर रिकामी न्यावी. ट्रॅक्टरची मोठी ट्रॉली पिकअपला जोडण्याचा मोह तर मनांतच आणूं नये. तें काम ट्रॅक्टरचें आहे.

काळी जमीन हा निराळाच विषय. पहिल्या पावसानंतर शेतरस्त्याची माती चाकाला अशी चिकटते कीं टायरची नक्षी बुजून जातें आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागीं फिरतें. ज्याचें शेत डांबरी रस्त्यापासून आंत आहे आणि ज्याला पावसाळ्यांतही रोज जावें लागतें, त्याला चार चाकांच्या जोराचा उपयोग खराच आहे. ज्याचा माल दिवाळीनंतर, वाटा सुकल्यावर निघतो, त्यानें त्यासाठीं लाखभर रुपये जास्त मोजण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

आतांपर्यंत सांगितलें तें यंत्राविषयीं. पण या निवडींत सर्वांत मोठा धोका यंत्रांत नसून कागदांत आहे, आणि तो बहुतेकांना अपघात होईपर्यंत दिसत नाहीं. लग्नसराईंत, माहूरच्या वाटेवर, पोहरादेवीच्या यात्रेंत, पिकअपच्या हौद्यांत वीसवीस माणसें उभीं राहून जातांना रोज दिसतात. गाडी घरची, माणसें घरचीं, विमा भरलेला. मग भय कसलें, असें धन्याला वाटतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत १९९४ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें मालवाहू गाडींतून मालाबरोबर जाणाऱ्या मालधन्याला किंवा त्याच्या अधिकृत माणसाला विम्याचें संरक्षण मिळालें. इतरांना मिळालें नाहीं. मालवाहू गाडींत फुकट बसलेल्या उतारूंची भरपाई देण्याचें बंधन विमा कंपनीवर नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं स्पष्ट केलें. म्हणजे कापसाबरोबर केबिनमध्यें बसलेला बाप विम्याच्या छायेंत असतो, आणि मागें हौद्यांत बसलेली त्याची मुलगी त्या छायेच्या बाहेर. गाडी उलटली तर शेजाऱ्याच्या मृत मुलाची भरपाई गाडीच्या धन्यानें स्वतः भरावयाची. आणि शेतकऱ्याजवळ भरण्याजोगें दुसरें काय असतें? शेतच असतें.

डबल केबिन घेतली म्हणजे हा प्रश्न आपोआप सुटतो असेंही नाहीं. पांच आसनें आहेत, पट्टे आहेत. पण नोंदणी मालवाहू म्हणून झाली असेल तर तीं पांचही माणसें विम्याच्या करारांत बसतात कीं नाहींत, हें वेगळें विचारावें लागतें. कांहीं नमुन्यांची नोंदणी खाजगी वाहन म्हणून होते, कांहींची मालवाहू म्हणून. मालवाहू नोंदणी म्हटली कीं योग्यतेचा दाखला आला. नव्या गाडीला तो दोन वर्षांचा असतो, पुढें ठराविक मुदतीनें गाडी तपासणीसाठीं नेऊन दाखवावी लागते. खाजगी नोंदणीला पहिलीं पंधरा वर्षें ही यातायात नाहीं. मात्र खाजगी नोंदणीच्या गाडींतून दुसऱ्याचा माल भाड्यानें नेतां येत नाहीं, आणि हंगामांत शेजाऱ्याचीं पोतीं पोंचवून चार पैसे मिळविण्याचा ज्याचा बेत आहे त्याला हें अडचणीचें होईल. ट्रॉली हेंही कायद्याच्या व्याख्येप्रमाणें वाहनच आहे. तिलाही नोंदणी हवी, मागें दिवे हवे. परवान्याची चिंता तेवढी कमी झाली आहे: हलक्या मोटारीचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोंपर्यंतचें मालवाहू वाहनही चालवितां येतें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें नोव्हेंबर २०२४ मध्यें दिला.

मग निवड कशी करावी? ज्या घरीं वर्षांतून तीनशें दिवस माणसें आणि साठ दिवस माल अशी स्थिति आहे, त्यानें साधी घरगुती मोटार घ्यावी आणि त्या साठ दिवसांत पिकअप भाड्यानें आणावी. यांत कमीपणा कांहींच नाहीं. दमणी आपली आणि बंडी शेजाऱ्याची, असें पूर्वीही चालत असे. ज्याचें दूध, भाजी किंवा फळें रोज बाजारांत जातात, त्याला डबल केबिनची मध्यम गाडी शोभते. विम्याची बाजू मात्र त्यानें लेखी पक्की करून घ्यावी. व्ही-क्रॉस किंवा हायलक्स ही त्यानें घ्यावी ज्याला लांबचे प्रवास आहेत, वाटा खरोखर बिकट आहेत आणि कर्जाचा हप्ता एका वर्षाच्या कापसाच्या भावावर अवलंबून नाहीं. बोंडअळी एक हंगाम खाऊन जाते. हप्ता तिची वाट पाहत नाहीं. २०१७ चा हंगाम या जिल्ह्यांत कोणी विसरलेलें नाहीं.

विक्रेत्याकडे जातांना बापलेकांनींच जाऊं नये. घरांतील सर्वांत वयस्कर माणसाला मागच्या आसनावर बसवावें, पायरी किती उंच पडते तें पाहावें, आणि गुळगुळीत डांबरावर नव्हे तर आपल्या गांवच्या फांट्यापर्यंत गाडी नेऊन आणण्याची परवानगी मागावी. डबल केबिनच्या मागच्या आसनाची पाठ पुष्कळदां ताठ असते. दहा मिनिटांत कळत नाहीं, तासाभरांत कळतें. गाडी घरीं आल्यावर पहिल्याच आठवड्यांत ती जिनिंगच्या वजनकांट्यावर न्यावी. एकदां नुसतीं घरचीं माणसें बसवून आणि एकदां नेहमींचा माल व ट्रॉली जोडून तोलावी, आणि त्या दोन्ही पावत्या विम्याच्या कागदांबरोबर गाडींतच ठेवाव्या.